लांबच्या युद्धात होरपळलेली माणसं वर्गात कशी पोचवावीत? (लाओस)

खडूफळा: नववीला राज्यशास्त्र शिकवतो. शीतयुद्धाच्या धड्याला जोडून लाओस (व्हिएतनामचा शेजारी देश) घ्यायचं आहे, 35 मिनिटांची एकच तासिका मिळेल. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेने तिथे 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, हे फळ्यावर लिहिलं की मुलं उतरवून घेतात आणि पान उलटतात. जखमींचे फोटो दाखवावेत का?

डोंगरवाट: सर, फोटो नकोत. मुलं मान फिरवतात, आणि फोटोतला माणूस नुसती जखम होऊन राहतो. आकडा कानावाटे पोचवा. नऊ वर्षांत 5,80,000 उड्डाणं, म्हणजे रात्रंदिवस दर आठ मिनिटांना एक विमान. तास सुरू झाला की दर आठ मिनिटांनी स्टीलच्या ताटावर डावाचा एक ठोका द्या, काही न बोलता. तिसऱ्या ठोक्यानंतर, 24व्या मिनिटाला, कारण सांगा. मग चौथा ठोका पडेल तेव्हा तो कसला आहे हे त्यांना ठाऊक असेल. शाळेची घंटा मात्र वापरू नका, बाकीच्या वर्गांचा गोंधळ होईल.

बांधावरची: मधली मिनिटं ‘बॉम्बी’ला द्या. क्लस्टर बॉम्बच्या पोटातल्या छोट्या बॉम्बला तिथले लोक बॉम्बी म्हणतात. आकार टेनिस बॉलएवढा, वजन साधारण पावणेतीन लेदर बॉलइतकं, आत सुमारे 300 पोलादी छर्रे. असे 27 कोटी पडले आणि 30 टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. मऊ चिखलात किंवा झाडांत अडकून पडले की धक्का कमी बसतो. ते अजून मातीत आहेत. युद्ध थांबल्यावरही न फुटलेल्या बॉम्बनी सुमारे 20,000 लोक मेले किंवा जखमी झाले.

इथे थांबून एकच विचारा: त्या वेळी ती माणसं काय करत असतील? उत्तरं मुलांनाच देऊ द्या. कुदळीने शेत खणत होती. चूल पेटवली आणि खालच्या मातीतला बॉम्बी तापला. भंगारात विकायला लोखंड गोळा केलं. पोरांना चेंडू सापडला. खुरपणी आणि चूल आपल्या पोरांना सांगावी लागत नाही. पण बॉम्बीची नक्कल हातात देऊ नका, दोन मिनिटांत झेलाझेली सुरू होते आणि तास हातातून जातो.

पाटीपेन्सिल: क्रम महत्त्वाचा आहे. 2007 च्या एका अभ्यासात लोकांना मदतीसाठी आवाहन केलं. आफ्रिकेतल्या माली देशातल्या एका मुलीची माहिती वाचलेल्यांनी सरासरी 2.38 डॉलर दिले, नुसती आकडेवारी वाचलेल्यांनी 1.14. दोन्ही एकत्र वाचलेल्यांचा आकडा 1.43 वर आला. आकडा शेजारी ठेवला की माणूस फिका पडतो. म्हणून आधी चूल आणि कुदळ, 27 कोटी नंतर.

खडूफळा: पटलं. “आपण काय करायचं?” असं मुलं विचारणारच. तेव्हा?

डोंगरवाट: वर्गणी लगेच काढू नका, पैसे दिले की विषय मिटल्यासारखा वाटतो. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार 2008 मध्ये झाला आणि 1 ऑगस्ट 2010 पासून लागू आहे. लाओस त्यात आहे. अमेरिका, रशिया, चीन नाहीत, आणि भारतही नाही. का नाही, हे विचारणारं पत्र आपल्या खासदारांना लिहू द्या. एक पान, मुलांच्याच शब्दांत, खाली सगळ्या वर्गाच्या सह्या.

बांधावरची: आणि पत्रात हेही येऊ द्या: पाय गेलेलं मूल वाढत असतं, त्यामुळे कृत्रिम पाय एकदा बसवून भागत नाही, सहा महिने ते वर्षभरात तो आखूड पडतो.