डिलिव्हरीआधीच यार्डात गाडी ठोकली, पासिंग झालेलं आहे. घ्यावी का?

बेदाणेवाला_तासगाव

मंडळी, अनुभवी लोकांनी जरा बोला.

आण्णांसाठी गाडी बुक केली. घरातली पहिली कार. ग्रे मेटॅलिक, ऑन-रोड साडेअकरा लाखांच्या आसपास. कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा काढून अर्धे पैसे भरले, उरलेल्याला बँकेचं कर्ज. शोरूम सांगलीतलंच, नाव लिहीत नाही. इन्व्हॉइस झालं, आण्णांच्या नावाने इन्शुरन्स निघाला, एमएच-१० चा नंबरही पडला. डिलिव्हरी पाडव्याला ठरली, म्हणजे येत्या आठवड्यात.

गाडी एकदा डोळ्यांनी बघू द्या म्हटलं, तर सेल्समनचं रोज नवीन कारण. कधी अ‍ॅक्सेसरी बसवतोय, कधी नंबरप्लेट आली नाही. शेवटी न सांगताच यार्डात गेलो. आमची गाडी रांगेत नव्हतीच. वॉचमन म्हणाला, "ती राखाडी व्हय? ती बॉडीशॉपला हाय की." मागे जाऊन बघतो तर डावं मागचं दार आणि त्याच्या मागचा चाकाच्या कमानीपर्यंतचा पत्रा घासून पांढराफटक केलेला. कडेने टेप मारून वर्तमानपत्र चिकटवलंय. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही आणि गाडी रंगाला लागली!

मॅनेजरना गाठलं. पोराने रिव्हर्स घेताना लोखंडी खांबाला घासली म्हणे. "किरकोळ आहे साहेब, कंपनीसारखं करून देतो, पाडव्याला हार घालूनच न्या." बदलून द्या म्हटलं तर म्हणाले, नंबर पडला, आता गाडी बदलता येत नाही. दुरुस्तीचा खर्च इन्शुरन्समधून काढू, तुम्हाला एक रुपया लागणार नाही, फक्त आण्णांची एक सही द्या. वर सीट कव्हर, मॅट आणि एक वर्षाची वाढीव वॉरंटी फुकट.

आण्णांना अजून बोललो नाही. त्यांनी पाव्हण्यांना आवतण देऊन ठेवलंय. गाडी घ्यावी, का अडून बसावं? फोटो काढून ठेवलेत.

पेंटबूथ_मिरज

या धंद्यात केस पांढरे झालेत, कुठल्या बॉडीशॉपला ते विचारू नका.

दार आणि त्यामागचा पत्रा या दोन वेगळ्या भानगडी आहेत. दार बोल्टवर असतं. नवीन दार मागवलं, रंगवून बसवलं, विषय संपला. मागचा पत्रा म्हणजे क्वार्टर पॅनल, तो सांगाड्यालाच वेल्ड केलेला असतो. बदलायचा तर कापायला लागतो, आणि कोरी गाडी कापायला कोण तयार होतंय? म्हणून स्पॉटर, म्हणजे पत्र्याला टाका मारून खेचायचं यंत्र, लावून ओढायचा, पुटी भरायची, घासायचा आणि रंग मारायचा. तुमच्याकडे हेच चाललंय. दाराचं मला फार वाटत नाही, पत्र्याचं वाटतं.

"कंपनीसारखं" होत नाही, आणि त्यात पेंटरचा दोष नाही. कारखान्यात नुसता सांगाडा असतो, ना वायर ना सीट. तो अख्खा हौदात बुडवून गंजरोधक थर चढवतात आणि दीडशे अंशांच्या वर भट्टीत भाजतात. तयार गाडी आम्ही बूथमध्ये साठ-सत्तर अंशांवर सुकवतो. त्याच्या फार वर गेलं तर आतलं प्लास्टिक आणि वायरिंग खराब होईल. म्हणून आमचा रंगच वेगळा, हार्डनर घालून मारायचा. नीट काम केलं तर वर्षानुवर्षं टिकतं, खोटं बोलत नाही. पण त्याला दुरुस्ती म्हणतात.

त्यात तुमचा मेटॅलिक ग्रे. त्यातले चकाकणारे दाणे कसे बसतील ते रंगाची गन चालवणाऱ्याच्या हातावर असतं. गन किती लांब धरली, हवा किती दिली, त्यावर छटा बदलते. शेडखाली जुळलेला रंग उन्हात तिरका बघितला की वेगळा दिसतो. ते लपवायला हुशार पेंटर शेजारच्या पुढच्या दारावर पण थोडा रंग ओढतो. म्हणजे न ठोकलेलं दारसुद्धा दुबार रंगलं. हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून विचारून घ्या.

बघायला जाल तेव्हा रंगाची जाडी मोजणारं मीटर न्या. जुन्या गाड्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांकडे असतं. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास निघतो. अडीचशेच्या वर दाखवलं तर दुबार रंग, पाचशे-हजार दाखवलं तर खाली पुटी. उजव्या बाजूचा त्याच जागेचा आकडा घ्या आणि डाव्याशी ताडा. बंपर प्लास्टिकचा, तिथे हे मीटर चालत नाही. दाराच्या बिजागरीचे बोल्ट बघा, पाना लागला असेल तर कोपऱ्यावरचा रंग उडालेला दिसतो. डिकीतलं अस्तर काढायला लावून पत्र्याची आतली बाजू बघा. वेल्डने तिथला थर जळतो. आतून परत अँटीरस्ट मारलेलं नसेल तर गंज तिथूनच सुरू होणार, आणि बाहेर फुगवटा यायला दोन-तीन पावसाळे जातात.

बॉडीशॉपचं जॉबकार्ड, म्हणजे गाडीवर काय काम केलं त्याची नोंद, मागा. गाडी आत घेतली म्हणजे चॅसिस नंबरावर ते उघडलेलं असतंय. डिलिव्हरीच्या आधीची तारीख आणि कुठले पॅनल, एवढं त्यावर असलं की बास. दिलं नाही तर "दिलं नाही" हे मेलवर लिहून पाठवा.

जाता जाता: २०१९ च्या पुरापासून आपल्याकडची माणसं नव्या गाडीचा पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघतात. चांगली सवय आहे, बघून टाका.

विश्रामबागकर

एवढं ताणू नका राव. नवी गाडी गणपती पेठेत एकदा लावून बघा, आठ दिवसांत ओरखडा येतोय. पन्नासेक हजार कमी करून घ्या आणि मोकळे व्हा. पाडव्याच्या तोंडावर भांडण कशाला?

पेंटबूथ_मिरज

पेठेत आलेला ओरखडा आपला, यार्डातला त्यांचा. पैसेच घ्यायचे असतील तर बँकेत जमा करून घ्या किंवा क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, काढायला लावा. सीट कव्हर आणि मॅटवर त्यांनी किंमत लावायची आणि आपण मान डोलवायची, असं नको. उद्या गाडी विकायला काढली की समोरचा हेच मीटर लावून "ठोकलेली आहे" म्हणणार. तेव्हा आजचं मॅट कामाला येत नाही.

पासिंगवाला_१०

"नंबर पडला म्हणून गाडी बदलत नाही" हे अर्धवट आहे. नंबर चॅसिसला पडतो, त्यामुळे तोच नंबर दुसऱ्या गाडीला बसणार नाही, एवढं खरं. पण शोरूमने ही गाडी परत घेऊन स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या नावावर ट्रान्सफर करायला काय अडचण आहे? फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरवायला ३५. रोजची कामं आहेत. खरी अडचण पैशाची असते. नव्या गाडीला रोड टॅक्स परत भरायला लागतो. पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात १२ टक्के, म्हणजे रक्कम लाखाच्या आसपास किंवा पुढे जाते. ती कुणी सोसायची यावरच सगळं अडतं. खांबाला घातली त्यांनी, टॅक्स पण त्यांनीच सोसायचा. एवढं एक धरून ठेवा.

काळाकोट_सांगली

वकिली करतो, पण हा सल्ला कागद न बघता देतोय हे ध्यानात घ्या.

त्या क्लेम फॉर्मवर आण्णांची सही अजिबात करायची नाही. पॉलिसी तुमची म्हणजे क्लेमही तुमच्या खात्यावर पडतो. पहिल्या नूतनीकरणाला मिळणारा २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट, जातो. बऱ्याच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणाऱ्या) पॉलिसींत वर्षाला दोनच क्लेम मिळतात, त्यातला एक गाडी घरी यायच्या आत संपला. शिवाय फॉर्मवर अपघात कसा झाला आणि गाडी कोण चालवत होतं ते लिहावं लागतं. तिथे काही भलतंच लिहिलं गेलं तर सही आण्णांची असणार. यार्डातल्या जोखमीसाठी धंदेवाल्यांच्या वेगळ्या पॉलिसी असतात, त्यांनी त्यांची वापरावी. नसेल तर खिशातून भरावं.

आता शोरूम म्हणेल, इन्व्हॉइस आणि नंबर तुमच्या नावावर, म्हणजे मालकी तुमची आणि जोखीमही तुमची. १९३० च्या माल विक्री कायद्यात कलम २६ तसंच आहे, वेगळं काही ठरलं नसेल तर मालकीबरोबर जोखीम जाते. पण त्याच कलमात खाली लिहिलंय, की दुसऱ्याचा माल ताब्यात असताना राखणदार म्हणून जी जबाबदारी येते ती यामुळे सुटत नाही. गाडी त्यांच्या यार्डात, चावी त्यांच्या पोराकडे. कलम ४१ ही वाचा: न बघितलेला माल तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरत नाहीत. म्हणून डिलिव्हरी नोटवरची "गाडी सुस्थितीत मिळाली" ही ओळ घात करते. नाइलाजाने गाडी घ्यावीच लागली तर त्याच कागदावर हाताने लिहा: डावं मागचं दार आणि क्वार्टर पॅनल डिलिव्हरीपूर्वी दुरुस्त, हरकत कायम ठेवून ताबा घेत आहे. तारीख घाला, फोटो काढा, मग सही.

आज रात्रीच मेल करा, शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला, बँकेला प्रत. चॅसिस नंबर, काय दिसलं, मॅनेजर काय म्हणाले, फोटो. मागणी एकच ठेवा: त्याच मॉडेलची दुसरी गाडी, टॅक्स आणि इन्शुरन्ससह, नाहीतर पूर्ण पैसे परत. भरपाईचा आकडा आपण होऊन काढू नका, तो काढला की बदलून देण्याचा विषय मागे पडतो.

ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी ४०० रुपये. कंपनीला सामनेवाला (विरुद्ध पक्ष) जरूर करा, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. गोव्यातल्या एका ग्राहकाला जुन्या सालची वापरलेली गाडी नवी म्हणून दिली होती. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये डीलरला जबाबदार धरलं, पण उत्पादकाला ते ठाऊक होतं याचा पुरावा नाही म्हणून त्याला सोडलं. तुमच्या मेलमुळे निदान "आम्हाला ठाऊक नव्हतं" म्हणायची सोय राहणार नाही.

"किरकोळ" हा बचाव मात्र जगभर चालतो. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक प्रकरण गेलं होतं. महागडी जर्मन गाडी, वाटेत रंग खराब झाला म्हणून परत रंगवली आणि नवी म्हणून विकली. दुरुस्ती किमतीच्या तीन टक्क्यांपर्यंत असेल तर गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, असं कंपनीचं धोरणच होतं! ज्युरीने नुकसान धरलं ४,००० डॉलर आणि दंड ४० लाख डॉलर. राज्याच्या न्यायालयाने दंड निम्मा केला, सर्वोच्च न्यायालयाला तोही अवाजवी वाटला. आपल्याकडे दंडाचे असले आकडे मनातही आणू नका. पण दुबार रंगाने गाडीची किंमत घटते, एवढं तिथेही धरलं गेलं.

बेदाणेवाला_तासगाव

सगळ्यांचे आभार. मेल केला. आण्णांना सांगितलं, फोटो दाखवले. मला वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, "पाडव्याला ट्रॅक्टरची पूजा करू, पाव्हणे जेवायलाच येणारेत." मेल गेल्यावर मॅनेजरांचा सूर बदलला. त्याच रंगाची दुसरी गाडी पाडव्यानंतर येतेय, तिच्यावर "विचार करू" म्हणतात. टॅक्सबद्दल अजून तोंड उघडत नाहीत. एक विचारायचं राहिलं: हप्ता पुढच्या महिन्यात सुरू होतोय, थांबवू का?

काळाकोट_सांगली

हप्ता थांबवायचा नाही. कर्ज बँकेचं, भांडण शोरूमशी. थकलात तर सिबिल आण्णांचं बिघडेल आणि शोरूमला काडीचा फरक पडणार नाही. भरलेला हप्ता आणि व्याज मागणीत वाढवत जा. "विचार करू" ला उत्तर म्हणून "लेखी द्या" एवढाच मेल टाका.

पासिंगवाला_१०

दुसरी गाडी देतो म्हणाले तर नवं इन्व्हॉइस व्हायच्या आधी ती यार्डात बघा, चॅसिस नंबर स्वतः टिपून घ्या आणि इन्व्हॉइसवर तोच आलाय का ते ताडून बघा.

आणि जुनीचा विषय सोडून देऊ नका. २९-३० वर सह्या केल्या म्हणजे झालं असं नाही. कागद शोरूमच्या टेबलावर पडून राहिले तर रेकॉर्डला मालक आण्णाच. ती गाडी घेऊन त्यांचं पोरगं कुपवाड रोडला कुणाला धडकलं, तर नोटीस तासगावला येणार. गाडी परत घेतल्याची तारीख आणि वेळ टाकलेली पावती शिक्क्यासह घ्या, आणि ट्रान्सफर झाल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत दर आठवड्याला नंबर टाकून बघत राहा.