तीनही चाचण्या ‘नाही’ म्हणाल्या, म्हणून झालं का?

चाचणीग्रस्त:
काल एकाने इथे ठोकून दिलंय की त्वचेच्या ॲलर्जीसाठी पेप्टाइड (रसायन प्रथिनाच्या तुकड्याला चिकटतं का ते बघायचं), केराटिनोसाइट (त्वचेच्या पेशी) आणि टीएचपी-१ (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या रोगप्रतिकारक पेशी) अशा तीन चाचण्या घ्या, दोन जुळल्या की विषय संपला, उंदीर वापरणारे मागासलेले. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अहो, पेप्टाइडच्या नळीत एन्झाइम औषधालाही नाही, बाकीच्या दोन पेशींत चयापचय यथातथाच. सिनॅमिक अल्कोहोलचं त्वचेत गेल्यावर अल्डिहाइड होतं आणि खरा त्रास ते देतं. तिघींनाही जे धड दिसत नाही त्यावर दोघींचं एकमत झालं तर त्याचं काय लोणचं घालायचं? एकत्र करा की, कोण नाही म्हणतंय, पण प्रत्येकीची चूक वेगळ्या जागी होत असेल तरच बेरजेला अर्थ आहे.

निकेलवाली:
आणि उंदराच्या चुका कोण मोजणार? एलएलएनए या उंदरावरच्या ॲलर्जी चाचणीत निकेल, म्हणजे सगळ्यात कॉमन कॉन्टॅक्ट ॲलर्जी, निगेटिव्ह यायचं आणि सोडियम लॉरिल सल्फेट, जे नुसतं चुरचुरतं, ते पॉझिटिव्ह. निकेल माणसाच्या टीएलआर४ला (रोगप्रतिकारक पेशीवरचा रिसेप्टर) ज्या हिस्टिडिन या अमिनो आम्लांपाशी धरतं ते हिस्टिडिन उंदरात नाहीतच, २०१० पासून माहितीये हे. टीएचपी-१ माणसाच्या पेशी, तिथे तर नवीन पेशी आल्या की निकेल सल्फेट लावूनच त्या ठीक आहेत का बघतात. राहिला तुमचा चयापचय, त्यातले बरेचसे पदार्थ नुसत्या हवेनेही ऑक्सिडाइज होतात आणि सापडतात. या चाचण्यांचे निकाल एकत्र कसे धरायचे त्याची २०२१ ची मार्गदर्शिका, ओईसीडी ४९७, वाचलीत का? काठावरचा निकाल अनिर्णित धरायची सोय आहे त्यात.

चाचणीग्रस्त:
वाचलीये, पोट भरतो त्यावर. एक तेलकट सॅम्पल होतं, लॉग-पी (पाण्यापेक्षा तेलात किती विरघळतं त्याचं माप) साडेतीनच्या वर, म्हणजे टीएचपी-१ चं निगेटिव्ह धरता येत नाही. पेप्टाइडमध्ये खाली साका बसला, तेही निगेटिव्ह गेलं. मी ‘अनिर्णित’ लिहिलं तर क्लायंटचा फोन, “म्हणजे सेफच ना?” तुमची सोय ही अशी वापरली जाते.

सीरम_नको:
दोघंही ‘प्राणीमुक्त’ हा शब्द किती सहज वापरता! टीएचपी-१ च्या मीडियममध्ये दहा टक्के काय असतं? कत्तलखान्यात गाभण गाय आली की तिच्या गर्भाच्या हृदयात सुई घालून काढलेल्या रक्ताचं सीरम. रसायन जनुकं बिघडवतं का बघणाऱ्या एम्स चाचणीतलं एस९, म्हणजे चयापचयासाठी घालतात तो एन्झाइमवाला अर्क, तोही उंदराच्याच लिव्हरचा.

निकेलवाली:
‘प्राणीमुक्त’ कोणी म्हटलंय? वर जाऊन शोधा.

पिपेटबहाद्दर:
सीरमचा विषय निघालाच आहे तर. नैतिकता बाजूला ठेवा, बॅच बदलली की जीव जातो. मागच्या बॅचला डीएनसीबी (हमखास ॲलर्जी देणारं, तपासणीसाठी वापरायचं रसायन) मस्त वर जायचं, नवीन लावली तर सीडी८६ (पेशी चेतल्याची खूण) दीडशे टक्क्यांची रेष ओलांडेना, पेशी मरताहेत का, अँटिबॉडी खराब झाली का, सगळं तपासून झालं आणि शेवटी निघालं सीरम. सीरमविरहित मीडियम घ्या म्हणणाऱ्यांनी एकदा पेशी त्यावर जगवून दाखवा आणि मग सगळं व्हॅलिडेशन परत करा, पैसे कोण देणार?

सीरम_नको:
पैसे हेच कारण असेल तर तसं लिहा ना, विज्ञानाचा आव कशाला?

पिपेटबहाद्दर:
आव? रविवारी येऊन पेशींना मीडियम घालतो मी, तुम्ही कीबोर्ड बडवता. असो.

माकडमत:
सीरम राहू द्या हो. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ हे प्रायोगिक अँटिबॉडी औषध दिलेले सहाही जण आयसीयूत गेले, माकडांत सुरक्षित ठरलेल्या डोसच्या पाचशेपट कमी डोस होता तो. प्राण्यावर विसंबणाऱ्यांनी यावर बोलावं.

चाचणीग्रस्त:
मी विसंबा म्हटलं कुठे? आणि तिथे माणसाच्या पेशीही लॅबमध्ये साध्या पद्धतीने लावल्यावर गप्पच बसल्या होत्या, अँटिबॉडी प्लेटला वाळवून चिकटवल्यावर सायटोकाइन (रोगप्रतिकारक पेशी सोडतात ती संदेश देणारी प्रथिनं) दिसले, ते सुद्धा नंतर. म्हणजे पद्धत बदलल्यावर दिसलं, निव्वळ संख्या वाढवून नाही. हेच सांगतोय सकाळपासून.

निकेलवाली:
बरं बाबा, आंधळा कोपरा सारखा असेल तर बेरीज फुकट, दिलं लिहून, फ्रेम करून लावा. पण मग चयापचय असलेली चौथी चाचणी जोडा म्हणा, उंदीर परत आणा म्हणू नका.

चाचणीग्रस्त:
उंदीर परत आणा कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवा आधी.

सीरम_नको:
चौथीत एस९ कुठल्या प्राण्याचं घालणार?