पत्र्याचे गॅरेज उन्हाळ्यात थंड कसे ठेवावे?

किनारवासी:
नमस्कार मंडळी. आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. घरालगतचे गॅरेज १२ फूट रुंद आणि २० फूट लांब असून भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत, वर गडद निळा पत्रा आहे आणि शटर पश्चिमेला आहे. दक्षिणेकडे एक लहान खिडकी आहे, पण पूर्वेची भिंत पूर्ण बंद आहे. गाडी तेथे असतेच, शिवाय निवृत्तीनंतर माझे वडील तेथेच टेबल मांडून शेजारपाजारच्यांचे पाण्याचे पंप, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. मार्च लागला की दुपारी पत्र्याखाली उभे राहवत नाही, आणि संध्याकाळी बाहेर वारा सुटला तरी आतला उकाडा हलत नाही. वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, म्हणून काळजी वाटते. काम बंद करा असे मात्र त्यांना सांगवत नाही, कारण त्यांचा जीव त्यातच रमतो. एका दुकानदाराने मोठा कूलर सुचवला आहे आणि गवंडी म्हणतो की पत्रा काढून कौले घाला. सगळा खर्च एकदम झेपणार नाही, तेव्हा सुरुवात कशापासून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चिरेबंदी:
ताई, सर्वांत आधी एवढेच सांगतो की कूलर घेऊ नका. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो आणि आपल्या किनाऱ्यावरील हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. नागपुरात पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या जाळीतून येणारी हवा तत्त्वतः २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकते. आपल्याकडे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना ती मर्यादा २८ अंशांच्या आसपासच थांबते. प्रत्यक्षात कूलर त्या मर्यादेपर्यंतही पोहोचत नाही, म्हणजे फार तर चारेक अंशांचा फरक पडणार. त्यात आतली आर्द्रता वाढली की घाम वाळत नाही आणि वडिलांना उलट अधिक गुदमरल्यासारखे होईल. शिवाय त्यांच्या टेबलावरील मोटारी आणि हत्यारे गंजतील ती वेगळीच.

तुमचे खरे दुखणे डोक्यावरचा पत्रा हेच आहे. गडद रंगाचा पत्रा भर दुपारी ६० अंशांच्या वर सहज तापतो आणि तव्यासारखी धग खाली फेकत राहतो. ही धग हवेच्या मार्गाने येत नाही, ती सरळ अंगावर आणि वस्तूंवर पडते, म्हणून नुसता पंखा लावून ती थांबत नाही. ती पत्र्यापाशीच अडवावी लागते.

त्यासाठी पहिले काम म्हणजे पत्रा स्वच्छ घासून, धुऊन, वाळवून त्यावर उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन हात देणे. बरेच जण चुना मारण्याचा सल्ला देतात. कौलांवर किंवा स्लॅबवर तो चालतो, पण पत्र्याचा रंग जेथे खरवडला आहे तेथे आणि कापलेल्या कडांवर ओला चुना जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर खातो, आणि खाऱ्या हवेत तेथूनच गंज धरतो. रंगाचे काम कोरड्या दिवसांतच करावे. पावसाळ्यानंतर वर शेवाळ आणि मळ साचतो, तो दरवर्षी दिवाळीनंतर धुऊन काढला नाही तर पांढऱ्या रंगाचा गुण निम्मा होतो.

दुसरे काम आतून करायचे आहे. पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांना दोन्ही बाजूंनी चकचकीत असलेली अ‍ॅल्युमिनियमची बबल शीट (मध्ये हवेचे फुगे असलेली पातळ शीट) ताणून बांधावी, मात्र पत्रा आणि शीट यांमध्ये किमान एक इंच पोकळी राहिलीच पाहिजे. पत्र्याला चिकटून लावलेल्या शीटचा गुण बराच कमी होतो, कारण मधल्या हवेमुळेच तिच्या वरच्या बाजूच्या चकाकीचा उपयोग होतो. खालच्या चकचकीत बाजूवर धूळ बसत नाही, त्यामुळे ती अनेक वर्षे काम देते.

कौले उत्तमच, परंतु त्यासाठी वासे-रिपांचा सांगाडा बदलावा लागेल आणि माकडांचा उपद्रव असेल तर दरवर्षी कौले परतावी लागतील. वरील दोन कामे आधी करून पाहावीत, असे माझे मत आहे.

माडाचीवाडी:
चिरेबंदी यांच्याशी मी सहमत आहे. फक्त पश्चिमेकडचा विचार वेगळा करावा लागेल, कारण तुमच्या शटरवर दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन असते आणि समुद्रावरचा वाराही त्याच बाजूने येतो. शटर बंद ठेवले तर वारा अडतो, उघडे ठेवले तर ऊन थेट टेबलापर्यंत येते. आमच्याकडे यावर जुनाच उपाय आहे. शटरसमोर आठ-दहा फूट पुढे येईल असा माडाच्या झापांचा मांडव घालावा आणि त्याची पश्चिमेकडील कड बरीच खाली उतरवावी, म्हणजे कलते ऊन अडते आणि खालून वारा मोकळा राहतो. दिवाळीनंतर घातलेला मांडव मृगाच्या आधी उतरवून ठेवायचा असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. शटरच्या आत जाळीचे चॅनल गेट बसवले तर शटर रात्रभर वर ठेवता येते. चिऱ्याची जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि ते रात्री आत सोडते, म्हणून ती रात्रीच्या वाऱ्याने निवायला हवी.

वारा आत आला तरी त्याला बाहेर पडायला वाट लागते. पूर्वेच्या भिंतीत, पत्र्याच्या अगदी खाली, एक-एक चिरा काढून सिमेंटच्या जाळ्या बसवून घ्या. तापलेली हवा वर चढून तेथून निघून जाईल. आतून बारीक तारेची जाळी ठोकायला विसरू नका, नाहीतर उंदीर आणि त्यांच्यामागून साप येतात. वडील वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करत असतील तर मात्र झाप नकोत, वाळल्या झापांवर एक ठिणगीही पुरते. तेथे ७५ टक्के सावलीची हिरवी शेडनेट लावून ठिणग्यांचे काम तिच्यापासून लांब करावे.

पानापक्कड:
थोडी भर घालतो. गाडी बाहेरून आली की लगेच आत घेऊ नये. तापलेले इंजिन तासभर उष्णता सोडत राहते, म्हणून ती तेवढा वेळ मांडवाखालीच उभी करावी. छताचा पंखा पत्र्याखालची गरम हवा डोक्यावर ढकलतो, त्यापेक्षा टेबलाच्या उंचीचा उभा पंखा बरा. पेट्रोलचा कॅन आणि आंब्याच्या फवारणीची औषधे या गॅरेजमध्ये ठेवूच नयेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचते आणि पंप तपासताना उडालेली ठिणगी तिला पुरते.

किनारवासी:
सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना सगळे वाचून दाखवले. ते वेल्डिंग करत नाहीत, त्यामुळे झापांचा मांडव त्यांना लगेच पटला. त्यांची एक शंका आहे. गरम हवा ओढून घेण्यासाठी पत्र्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर बसवावा का? ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या आळीतील कितीतरी घरांचे पत्रे उडाले होते, म्हणून छताला भोक पाडायला मन धजत नाही.

चिरेबंदी:
वडिलांची शंका अगदी रास्त आहे. एवढ्या लहान गॅरेजला टर्बोची गरज नाही. किनाऱ्यावर त्याचे बेअरिंग खाऱ्या हवेने लवकर धरते आणि भोवतीचे सील सुटले की पावसाळ्यात तेथूनच गळती सुरू होते. पूर्वेच्या जाळ्या पुरेशा आहेत. रंगकाम करणारा माणूस वर चढेल तेव्हा त्याच्याकडून पत्र्याचे सगळे स्क्रू तपासून घ्या, रबरी वॉशर कडक झालेले असतील तर बदला आणि कडेच्या ओळीतले स्क्रू जवळजवळ मारून घ्या, कारण वादळात पत्रा कडेपासूनच उचलला जातो. खर्च टप्प्याटप्प्याने करायचा असेल तर आधी रंग आणि जाळ्या, मग मांडव, आणि बबल शीट पुढच्या हंगामात घेतली तरी चालेल.