मदत हवी आहे: जुनी केमन एस की होंडा एस२०००?

दोन सेकंड-हँड गाड्यांत अडकलो आहे. एक २००६ ची पोर्शे केमन एस (३.४ लिटर, मॅन्युअल), दुसरी २००५ ची होंडा एस२०००. बजेटमध्ये दोन्ही बसतात, पण केमनचं इंजिन उघडायची वेळ आली तर तेवढे पैसे हाताशी नाहीत. रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे. ही फक्त घाटरस्ते आणि अधूनमधून ट्रॅकसाठी.

दोन्ही चालवून पाहिल्या. होंडाचं इंजिन वरच्या आरपीएमला जीव ओततं, गिअर टाकताना तर मजाच येते. पण वळणावर मन जिंकलं केमननेच. इंजिन मधोमध असल्याचा तोल स्टिअरिंगमध्ये लगेच कळतो.

होंडाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरना सारखं आलं, दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (गिअर सहज बसवणारा भाग) ठीक आहे, छताचं कापड मात्र बदलावं लागेल. केमनची सर्व्हिस हिस्ट्री पूर्ण आहे. भीती आहे ती सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडण्याची. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पाहिलं, स्वच्छ दिसलं. पण ओरखडे बऱ्याचदा सिलिंडरच्या खालच्या भागात असतात, आणि ऑइल सम्प (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) काढून तिथून तपासू द्यायला मालक तयार नाही. आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं, जुन्या पोर्शे इंजिनांत निकामी होण्यासाठी बदनाम) या इंजिनात आधीपेक्षा मोठं आहे, त्याची तितकी धास्ती नाही.

नवं मॉडेल घ्या असं सुचवू नका, २००९ नंतरची केमन परवडत नाही.

ज्यांनी हे ३.४ इंजिन वापरलंय त्यांनी सांगा: सम्प न काढता, फक्त वापरलेल्या ऑइलची लॅब तपासणी आणि इंजिन गरम झाल्यावरची टकटक यांवर विसंबून ही केमन घ्यावी का, की सरळ होंडा घ्यावी?