मदत हवी आहे: पेण-पनवेल पट्ट्यातले खडकांचे ठोकळे फिरलेले दिसतात, फॉल्ट (सरकलेल्या भेगा) कोणते?

कातळवाट
पेण-पनवेल पट्ट्यातल्या बेसाल्टच्या कोअरचं (खडकातून कापून काढलेल्या दंडगोल नमुन्यांचं) चुंबकत्व मोजून झालंय. डिक्लिनेशन (चुंबकत्वाची उत्तरेपासून मोजलेली आडवी दिशा) १३९ ते १४१ अंश येतंय. दख्खनच्या मान्य पुराचुंबकीय ध्रुवावरून (खडकातल्या जुन्या चुंबकत्वावरून काढलेला ध्रुव) इथे उलट ध्रुवतेला (क्षेत्र आजच्या उलट असताना) १५४ यायला हवं. म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने साधारण १५ अंश फिरणं. एवढं फिरायला कुठल्या प्रकारचे फॉल्ट लागतात, प्रत्येकावर किती सरक होते आणि त्यात किती भूकंप बसतात? अहवाल याच आठवड्यात द्यायचाय, त्यामुळे कृपया पुराचुंबकत्वाच्या व्याख्येपासून सुरुवात नको.

दर्याकाठ
बुकशेल्फ फॉल्टिंग. फळीवर कललेल्या पुस्तकांसारखे लांबट ठोकळे एकत्र फिरतात आणि त्यांच्यामधल्या भेगांवर आडवी सरक होते. भेगा सुरुवातीला पट्ट्याला काटकोनात असतील तर सरक = ठोकळ्याची रुंदी × टॅन(फिरण्याचा कोन). रुंदी ५ किमी, कोन १५ अंश धरला तर प्रत्येक फॉल्टवर १.३४ किमी. २० किमी लांब आणि १० किमी खोल फॉल्ट एका वेळी १ मीटर सरकला तर साधारण ६.५ तीव्रतेचा भूकंप होतो. म्हणजे दर फॉल्टवर तेराशेच्या वर भूकंप. दक्षिण आइसलँडमध्ये हे डोळ्यांसमोर चालू आहे: १७ आणि २१ जून २००० चे दोन्ही मोठे धक्के शेजारच्या उत्तर-दक्षिण फॉल्टवर झाले.

सुळका
भूकंप नंतर मोजू. आधी हे सांगा: इन्क्लिनेशन (चुंबकत्व आडव्या पातळीखाली किती अंश झुकतं ते) किती आहे? नमुने लाव्हाच्या थरांतले की डाईकमधले (भेगांत घुसून थिजलेल्या खडकाच्या भिंतींमधले)? थरांचा कल किती, आणि आकडे कल वजा करून दिलेत की तसेच? कोअरची दिशा कशाने घेतली?

कातळवाट
इन्क्लिनेशन +३६. थर आहेत, डाईक वेगळ्या ठेवल्यात. डिमॅग्नेटायझेशन नीट केलंय, नंतरचं हलकं चुंबकत्व निघून गेलंय. पण प्रश्न डिक्लिनेशनचा आहे.

सुळका
उत्तर इन्क्लिनेशनमध्येच आहे. त्याच ध्रुवावरून इथे +४७ यायला हवं. ठोकळा उभ्या अक्षाभोवती फिरला तर डिक्लिनेशन बदलतं, इन्क्लिनेशन हलत नाही. तुमचं ११ अंशांनी उतरलंय, म्हणजे फिरण्याचा अक्ष आडवा आहे. कल किती ते अजून सांगितलं नाहीत.

कातळवाट
पश्चिमेला २०. पनवेल फ्लेक्शरमध्ये (थर वाकलेल्या या पट्ट्यात) थर समुद्राकडे कललेलेच असतात, म्हणून वेगळं लिहिलं नाही. आकडे जागेवरचेच आहेत, कल वजा केलेला नाही.

सुळका
मग हिशेब करून बघा. १५४/+४७ (डिक्लिनेशन/इन्क्लिनेशन) ही दिशा घ्या आणि उत्तर-दक्षिण अक्षाभोवती पश्चिम बाजू २० अंश खाली करा. १३९/+३६ येतं. म्हणजे तुमचेच आकडे. कल काढल्यावर उभ्या अक्षाभोवतीचं फिरणं मोजमापातल्या त्रुटीच्या मर्यादेपलीकडे उरतच नाही. बुकशेल्फची इथे गरज नाही.

दर्याकाठ
इतक्या घाईने निकाल देऊ नका. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप डावीकडे सरकणाऱ्या (पलीकडची बाजू डावीकडे जाणाऱ्या) फॉल्टवर झाला. या भागात आडवी सरक आहेच.

सुळका
तो पुरावा तुमच्या बाजूने जात नाही. ठोकळे घड्याळाच्या उलट फिरायचे तर एकूण पट्टा डावीकडे सरकावा लागतो आणि ठोकळ्यांमधल्या भेगा उजवीकडे. आइसलँडमध्ये नेमकं तेच आहे. कोयनेचा फॉल्ट बुकशेल्फमधली भेग मानला तर ठोकळे घड्याळाच्या दिशेने फिरतील, तुम्हाला हवं त्याच्या उलट. शिवाय १.३४ किमीची आडवी सरक असेल तर फॉल्ट ओलांडणाऱ्या डाईक तेवढ्या तुटून सरकलेल्या दिसायला हव्यात. तशी एक तरी दाखवा.

चिरेबंदी
भूकंपाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. जांभ्याच्या चिऱ्याचं घर बांधताना लिंटेलच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून अखंड आरसीसी पट्टा फिरवा, किमान ७५ मिमी जाड आणि दोन सळयांचा. कोपऱ्यात सळया काटकोनात वळवून पुढच्या भिंतीत न्यायच्या. नुसत्या टेकवल्या की भिंती कोपऱ्यातच सुटतात. कोपऱ्यात उभी सळईही हवी, पायापासून छतापर्यंत.

लाटांची गाज
चिरेबंदी, सल्ला चांगला आहे, पण वेगळा धागा काढा, इथे हरवेल. कातळवाट, कोअरच्या दिशेबद्दल तुम्ही अजून बोलला नाहीत. साधा कंपास बेसाल्टजवळ भरकटतो, वीज पडलेल्या माथ्यावर तर फारच. सूर्य-कंपास वापरा: काडीची सावली आणि अचूक वेळ. पावसाळ्यात सूर्य नसतो, तेव्हा कर्नाळ्याच्या सुळक्यासारखी दुरून दिसणारी खूण धरायची आणि जीपीएसच्या दोन बिंदूंवरून तिची दिशा काढायची. दर जागी सात-आठ कोअर तरी हवेत. शिवाय एकाच थरावरून ध्रुव काढू नका. चुंबकीय क्षेत्राचं डोलणं सरासरीत जायला वेगवेगळ्या काळातले बरेच थर लागतात.

कातळवाट
कंपास साधाच होता, पण आकडे एकमेकांशी जुळतात. मग फॉल्टचं काय? २० अंशांचा कल आपोआप येत नाही.

सुळका
नाहीच येत. डोमिनो पद्धतीने (ठोकळे रांगेतल्या डोमिनोंसारखे एकत्र कलून) आला असेल तर थर पश्चिमेला कलल्यावर सामान्य फॉल्ट (नॉर्मल, म्हणजे वरची बाजू उताराने खाली घसरलेले) पूर्वेकडे उतरणारे सापडतील. सुरुवातीला ६० अंशांचे असतील तर आता ४० चे. लांबण्याचं प्रमाण = साइन(फॉल्टचा आजचा कोन + थरांचा कल) ÷ साइन(फॉल्टचा आजचा कोन), म्हणजे साइन ६० ÷ साइन ४० = १.३५. कवच ३५ टक्के लांबलं. सरकताना घासून उमटलेल्या रेषा फॉल्टच्या उताराच्या दिशेने आहेत की आडव्या, ते भेगांवर बघा. आडव्या निघाल्या तर दर्याकाठांचं म्हणणं पुन्हा तपासू.

वेगळ्या ठेवलेल्या डाईक आता बाहेर काढा. उत्तर-दक्षिण जाणारी डाईक आज पूर्वेकडे ७० अंशांवर उतरत असेल तर ती कल येण्याआधीची असण्याची शक्यता जास्त. अजून उभी असेल आणि कल न काढता तिचं चुंबकत्व १५४/+४७ च्या आसपास आलं, तर ती कल आल्यावर घुसली. दोन्ही प्रकार मिळाले तर कल येण्याचा काळ त्यांच्या मध्ये पडतो.

भूकंपांची संख्या अहवालात देऊ नका. फ्लेक्शरमध्ये वाकणं असंख्य छोट्या भेगांवर आणि लाव्हाच्या सांध्यांवर वाटलं जातं. त्यातला कोणता भाग झटक्याने सरकला आणि कोणता हळूहळू, हे चुंबकत्वातून कळत नाही.