व्हिंटेज शॅम्पेन : २००८च घ्यावी, या सल्ल्याला उत्तर

तळघर :
गेल्या आठवड्यात 'लंडनस्थ' यांनी येथे लिहिले की व्हिंटेज शॅम्पेन (एकाच सालच्या द्राक्षांची) घ्यायची तर २००८चीच घ्यावी, ती नाही मिळाली तर २०१२ची, आणि २००९च्या बाटलीला हातसुद्धा लावू नये; सोबत बाटल्यांची यादीही दिली. त्याखाली अनेकांनी 'यादी जपून ठेवतो' असे लिहिलेले पाहून राहवले नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर.

२००८ थोर साल आहे, याबद्दल माझे दुमत नाही. उन्हाळा थंड आणि ढगाळ गेला, द्राक्षे सावकाश पिकली, सप्टेंबरात कोरडी हवा लाभली आणि साखर भरली तरी आम्लता उतरली नाही. पण त्याच आम्लतेमुळे त्या सालच्या मोठ्या क्यूवे (घराण्यांच्या खास वाइन) फार हळू उमलत आहेत. डॉम पेरिन्यों आणि रोडेरर घराण्याची क्रिस्टाल या दोन्हींनी २००९ची वाइन आधी बाजारात आणली आणि २००८ची तळघरातच थांबवली, ती उगाच नव्हे. २००९चा ऑगस्ट उन्हाचा आणि कोरडा होता, फळ भरघोस पिकले आणि त्या वाइनला आज पिकल्या पीचचा, भाजलेल्या पावाचा गोलावा आला आहे. येत्या दिवाळीत बाटली उघडणाऱ्याला २००८ची क्रिस्टाल घ्यायला लावणे म्हणजे अढीतला हापूस पिकण्याआधीच कापायला लावणे होय. बाटली केव्हा उघडायची हे आधी ठरवावे आणि मग साल पाहावे.

लंडनस्थ :
आपण माझ्या यादीतील सर्वांत महाग बाटली उचलून तिच्यावर सगळा युक्तिवाद रचला आहे, हे योग्य नाही. २००८ म्हणजे केवळ क्रिस्टाल नव्हे. मोएत घराण्याची ग्रँड व्हिंटेज आणि पोल रोजे घराण्याची साधी व्हिंटेज या २००८च्या बाटल्या केव्हाच उमलल्या आहेत आणि क्रिस्टालच्या तुलनेत त्यांची किंमत फारच कमी आहे. आमच्या घरी एका जेवणाला पोल रोजेच्या २००८ आणि २००९ शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. पहिल्या पेल्याला सर्वांनी २००९चे कौतुक केले. तासाभराने मात्र ती जिभेवर जड वाटू लागली, आणि २००८ची बाटली आधी रिकामी झाली. उष्ण सालांचे पुढे काय होते हे २००३ने दाखवून दिलेले असताना लोकांना पुन्हा त्याच वाटेने का न्यायचे?

तळघर :
२००३ आणि २००९ यांना एका पंगतीत बसवणे हा अन्याय आहे. २००३मध्ये एप्रिलच्या हिमाने कोंब जाळले, त्यानंतर ऑगस्टमध्ये युरोपभर उष्णतेची लाट आली आणि तोडणी ऑगस्टमध्येच सुरू करावी लागली. सालों घराण्याने ते साल काढलेच नाही आणि बोलिंजर घराण्याने आपल्या व्हिंटेजला नेहमीचे 'ग्रँद आने' हे नाव न देता ती वेगळ्या नावाने विकली.  पोल रोजे आणि मोएत यांच्याबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे, पण ते आपल्या मूळ यादीत कुठेच नव्हते.

निफाडकर :
मी द्राक्षबागायतदार आहे, त्यामुळे 'चांगले साल' आणि 'वाईट साल' हे शब्द वाचले की मला त्रास होतो. गारपीट एका शिवारात होते आणि बांधापलीकडची बाग सुरक्षित राहते. २०१२मध्ये शॅम्पेन प्रदेशात हिम, गारा आणि डाऊनी (बुरशीचा रोग) या तिन्हींनी बागा झोडपल्या, उत्पादन घटले, आणि ऑगस्टच्या उन्हाने उरलेल्या घडांचे सोने केले. ज्याचे घड वाचले त्याच्यासाठी ते साल थोर आणि ज्याचे गेले त्याच्यासाठी नुकसानीचे. २०१०मध्ये ऑगस्टच्या पावसाने पिनो न्वार या काळ्या द्राक्षाचे घड कुजले, तरी डॉम पेरिन्योंने कडक निवड करून ते साल काढले. त्या प्रदेशातील जवळजवळ नव्वद टक्के बागा शेतकऱ्यांच्या आहेत, आणि येथे चर्चा मात्र फक्त मोठ्या घराण्यांची. लेबलवर बारीक अक्षरांत 'आरएम' असेल तर ती बाटली स्वतःच्या द्राक्षांची वाइन करणाऱ्याची असते. आंबोने गावचे एग्ली-ऊरिए किंवा ल मेनिलचे पिएर पेतेर्स यांच्या बाटल्या घ्या, म्हणजे पैसे जाहिरातीला न जाता बागेला जातील.

पारिजातक :
सर्वांनी हवामानाचे वर्णन केले, पण बाटली नंतर कोठे राहिली हे कोणीच विचारत नाही. परदेशातून येणाऱ्याला शुल्काविना २ लिटर मद्य आणता येते, म्हणजे दोन साध्या बाटल्या किंवा एक मॅग्नम (दुप्पट मापाची बाटली). आमच्याकडे अशीच १९९६ची बाटली आली. घरातल्यांनी ती 'मोठ्या प्रसंगासाठी' म्हणून पुण्यातल्या लाकडी कपाटात ठेवली. प्रसंग आला तेव्हा तिच्यात काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास होता आणि बुडबुडे नावापुरते उरले होते. शॅम्पेन प्रदेशातल्या रँस शहराच्या खडूच्या तळघरात वर्षभर १० ते १२ अंश असतात, आमच्या कपाटात एप्रिलमध्ये काय असते ते पुणेकरांना सांगायला नको. ज्याच्याकडे वाइनचे कपाट नाही, त्याने 'आणखी दहा वर्षे ठेवा' असा सल्ला ऐकूच नये.

साक्षेपी :
दोष केवळ आपल्या कपाटाचा नसावा. १९९६ हे साल साखर आणि आम्लता दोन्ही टोकाला नेणारे म्हणून गाजले, आणि नीट ठेवलेल्या कित्येक बाटल्याही फळ हरवून नुसत्या आंबट उरल्या. पण खरा प्रश्न बाटलीतला गाळ केव्हा काढला, हा आहे. यीस्टच्या गाळावर असते तोवर वाइनचे रक्षण होते, गाळ काढून बूच बसवले की ती वेगळ्या रीतीने म्हातारी होऊ लागते. बोलिंजरची 'आर.डी.' ही ग्रँद आनेचीच वाइन, फक्त अधिक वर्षे गाळावर ठेवलेली, तरी पेल्यात दोघींची ओळख पटत नाही. ज्या लेबलवर गाळ काढल्याची तारीख नाही, ती व्हिंटेज शॅम्पेन कोणत्याही किमतीला घेऊ नये.

लंडनस्थ :
हे अतिरेकी आहे. या नियमाने निम्मे दुकान बाद होईल. तारीख छापणे सक्तीचे नाही आणि अनेक उत्तम घराणी ती छापत नाहीत, म्हणून त्यांच्या वाइन वाईट ठरतात काय?

साक्षेपी :
वाईट ठरत नाहीत, पण ग्राहक अंधारात राहतो. क्रूग हे घराणे प्रत्येक बाटलीवर क्रमांक देते आणि त्यावरून माहिती मिळते, एग्ली-ऊरिए तारीख आणि गाळावरचे महिने दोन्ही छापतात. त्यांना जमते ते इतरांना का जमू नये? मी एका दुकानातून एकाच सालच्या, एकाच नावाच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. एकीचे बूच सुटताच खाली फुलले, दुसरीचे आकसून सरळ खुंटीसारखे झालेले होते, म्हणजे ते कितीतरी आधी बसवलेले. पहिली ताजी निघाली, दुसरी थकलेली. मी किंमत दोन्हींची सारखीच मोजली होती. ही फसवणूक नव्हे तर काय?

तळघर :
फसवणूक हा शब्द जड आहे. थकलेली बाटली दुकानाच्या दिव्याखाली उभी राहिली असण्याचीही शक्यता आहे, विशेषतः काच पांढरी असेल तर. क्रिस्टालची बाटली पारदर्शक असते म्हणून तिला रंगीत कागदात गुंडाळून विकतात आणि तो कागद शेवटपर्यंत काढू नये. आपण प्रत्येक धाग्यावर हा तारखेचा विषय आणता आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

साक्षेपी :
मूळ प्रश्न 'कोणती बाटली घ्यावी' हा असेल, तर तारीख हाच मूळ प्रश्न आहे. ज्यांना फक्त सालांची नावे घोकायची आहेत त्यांनी माझे प्रतिसाद वाचू नयेत.

पारिजातक :
आपसांत भांडण्यापेक्षा मला कोणी सांगेल का की लंडनहून येणाऱ्या भाच्याला काय आणायला सांगू? घरात वाइनचे कपाट नाही, बाटल्या डिसेंबरमध्ये उघडायच्या आहेत आणि क्रिस्टालला लागतील इतके पैसे नाहीत.

लंडनस्थ :
पोल रोजे किंवा मोएत ग्रँड व्हिंटेज, दोन्हींपैकी जी मिळेल ती २०१२ची. त्या सालात २००८ची धार नाही, पण आज पिण्यास ते अधिक तयार आहे, एवढे मी तळघर यांच्यासाठी कबूल करतो. २००९ मात्र मी अजूनही सुचवणार नाही.

तळघर :
२०१२ला माझी हरकत नाही. दुसऱ्या बाटलीसाठी सालाचा हट्टच सोडा आणि शार्ल हाइडसीक घराण्याची ब्रूत रेझर्व्ह आणायला सांगा. तिच्यात जुन्या राखीव वाइनचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे व्हिंटेजकडून अपेक्षित असलेला भाजलेल्या सुक्यामेव्याचा स्वाद तिच्यात आजच आहे. मॅग्नम नको, ती सावकाश पिकते आणि उष्ण घरात आपल्याला थांबायचे नाही.

साक्षेपी :
हाइडसीक चालेल, ते मागच्या लेबलवर गाळ काढल्याचे वर्ष देतात. भाच्याला ते वाचून मगच पैसे द्यायला सांगा, आणि दुकानदाराकडून खिडकीतली नव्हे, आतल्या खोक्यातली बाटली मागून घ्यायला सांगा.