कुत्र्यांसाठीच्या घरगुती खाऊचा व्यवसाय वाढवायचा आहे : सल्ला हवा

रानजाई (मुलुंड)
नमस्कार. आमच्या नऊ वर्षांच्या लॅब्रेडॉरला गहू सोसत नाही, म्हणून गेल्या दिवाळीपासून मी रताळ्याच्या वाळवलेल्या चकत्या आणि चिकनच्या पट्ट्या घरीच करते. सोसायटीतल्या मंडळींनी मागितल्या आणि आता महिन्याला साधारण ६० पाकिटे जातात. दोन दुकानदार माल ठेवायला तयार आहेत. मात्र जूनमध्ये चिकनच्या सात पाकिटांत आठवडाभरातच बुरशी दिसली. ती परत घेऊन मी पैसे दिले, पण तेव्हापासून पुढे पाऊल टाकायचा धीर होत नाही. टिकाऊपणा, परवाने आणि दुकानदारांशी व्यवहार यांबाबत अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोरेगावकर
रानजाई, पाकिटे परत घेतलीत हे फार चांगले केले. मी हेच काम पाच वर्षे करतो आहे. मुंबईच्या पावसाळ्यात नीट वाळलेली पट्टीसुद्धा पंख्याखाली निवेपर्यंत हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे ट्रे बाहेर काढल्यावर माल कोरड्या जागी पूर्ण निवू द्यावा आणि निवताच लगेच पाकीटबंद करावा. पट्टी सर्वांत जाड टोकाशी वाकवून पाहा. ती तडकन मोडायला हवी, नुसती वाकली तर आत ओल आहे. खात्रीसाठी अन्नतपासणी प्रयोगशाळेतून ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’ (बुरशी-जंतूंना वापरता येईल असे पाणी पदार्थात किती आहे, याचे ० ते १ मधले माप) मोजून घ्या, कारण ती ०.६०च्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. चिकन आधी आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजवून मगच वाळवा. कच्चे मांस मंद आचेवर वाळवल्यास साल्मोनेला जंतू तग धरू शकतात. प्रत्येक बॅचचे एक पाकीट तारीख घालून घरी ठेवावे आणि रोज पाहावे.

कागदपत्रांचे म्हणाल तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यातील अन्नाच्या व्याख्येत पशुखाद्य येत नाही, त्यामुळे पाकिटावर त्या कायद्याखालील परवान्याची (एफएसएसएआय) मोहोर छापू नये. २०११च्या वेष्टित वस्तू नियमांप्रमाणे उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सारे हवेच. घटकांच्या प्रमाणासाठी कुत्र्यांच्या खाद्याचे भारतीय मानक आयएस ११९६८ अवश्य वाचा.

पशुवैद्य_परळ
वरील सूचनांना एक जोड देतो. चव यावी म्हणून कांदा किंवा लसणाची पूड कदापि घालू नये; मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य. शेंगदाण्याचे लोणी विकत आणत असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) नाही ना, हे दर वेळी लेबलवर तपासा, कारण थोड्या प्रमाणातही ते कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरवते. दिवसभराच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून अधिक खाऊतून जाऊ नयेत, म्हणून ‘५ किलोच्या कुत्र्याला इतक्या चकत्या, ३० किलोच्याला इतक्या’ असे पाकिटावर स्पष्ट लिहा. ‘पोटाचे विकार बरे करते’ असा दावा मात्र करू नये. माझ्याकडे येणारे पालक असे वाचून उपचार लांबवतात आणि त्याचा त्रास त्या मुक्या जिवाला होतो.

दादरची_वहिनी
मी दुकान चालवते. सुरुवातीला एकाच दुकानात, विकेल तसे पैसे या बोलीवर दहा पाकिटे ठेवावीत आणि उरलेली परत घेण्याची तारीख आधीच ठरवावी. दुकानदाराने माल काचेपाशी उन्हात मांडू नये, हेही आताच सांगून ठेवा.

रानजाई
सर्वांची मनापासून आभारी आहे. आता लक्षात आले की मी ट्रे रात्रभर ओट्यावरच निवायला ठेवत होते. चिकनच्या पट्ट्या पाऊस ओसरेपर्यंत बंद ठेवते, रताळ्याच्या चकत्यांचे नमुने येत्या सोमवारी तपासणीला देते आणि अहवाल आल्यावर एकाच दुकानदाराला होकार कळवते.